सिस्टरांच्या गाडीचा मागचा शॉकअप

८ जानेवारी

स्पेअर पार्टवाल्यानं याही वर्षी फुकटची डायरी दिली. दरवर्षी ती कोरीच राहते आणि शेवटी हिच्या शिवणाची मापं लिहायला जाते. यंदा मीच लिहायची ठरवली, कारण दुकानात मनातलं बोलायची सोय राहिलेली नाही. मुलगी शिकायला होस्टेलवर गेली आणि तेव्हापासून बायको रोज दुकानात येऊन बसते. "घरी करमत नाही," म्हणते. बरं, नसेल करमत. पण बसल्या जागी डोळे सारखे माझ्या हातांवर. सव्वीस वर्षं मी एकट्यानं काम केलंय, असं कोणी टक लावून बघितलं की माझं डोकं फिरतं.

मी फक्त मोटारसायकलचे शॉकअप करतो. इंजिन नाही, ब्रेक नाही, वायरिंग नाही. सीटखाली स्प्रिंग घातलेली नळी असते, खड्ड्याचा दणका तीच सोसते. तिच्यात तेल आणि गॅस भरलेला असतो आणि तो आत कोंडून धरायला अंगठीएवढं एक रबरी सील. बाकीचे मेकॅनिक म्हणतात, जुना फेका, नवा घाला. मी खोलतो, धुतो, सील बदलतो, तेल-गॅस भरतो. आसपास दुसरं कोणी हे करत नाही. म्हणून लोक उस्ताद म्हणतात, मी कुणाला म्हणायला सांगितलेलं नाही.

आज दवाखान्यातल्या नर्स आल्या होत्या. सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. घरोघरी जाऊन लसी टोचणं, बाळंतिणी तपासणं हे त्यांचं काम, आणि रस्ते सगळे दगडगोट्यांचे. मागचा शॉकअप पार बसलाय. सीट दाबून सोडली तर गाडी तीन-चारदा डोलते. चांगला शॉकअप एकदा वर येतो आणि गप्प होतो.

"दादा, कंबरेचा भुगा झालाय हो माझ्या," म्हणाल्या.

"संध्याकाळी घेऊन जा," म्हटलं.

सीलला एका बाजूनं बारीक ओठ असतो. तो ओठ तेलाकडे हवा. उलटं बसलं की संपलं, तेल बाहेर. काळं सील, काळं ग्रीस, डोळ्यांनी शोधत बसण्यापेक्षा बोटाला चटकन कळतं. मी तर डोळे मिटून बसवतो. सिस्टरांना तसंच बसवून दाखवलं. त्या "वा!" म्हणाल्या. ही काहीच म्हणाली नाही. कौतुक करायला हिची जीभ झिजते बहुतेक.

१३ जानेवारी

सिस्टर परत. शॉकअप गळतोय. पार्टवाल्याला फोन करून चांगला फैलावर घेतला. डायऱ्या वाटतो आणि सीलं भंगार देतो, लाज नाही वाटत? तो म्हणाला, बाकी कुणाची तक्रार नाही. नसेल. बाकीचे खोलतात कुठं?

फोनवर मी भांडतोय तोवर हिनं नळी खोललीसुद्धा. इतके दिवस बघून बघून शिकली असणार. जुनं सील काढलं, उलटसुलट करून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कचऱ्यात टाकलं.

"सीलच खराब होतं," म्हणाली.

"मग मी काय वेगळं सांगतोय?"

"अहो, एक मी बसवून बघू?"

मी हसलो. सिस्टर म्हणाल्या, बघू दे की दादा, वहिनींची बोटं शिवणाची आहेत. दोघी मिळून माझ्याकडे बघायला लागल्या. म्हटलं, बस बाई, बसव. हिनं दोन बोटांत सील फिरवलं, बसवलं, गॅस मी भरला. गॅस मी भरला हे इथं मुद्दाम लिहून ठेवतो.

२० जानेवारी

आठवडा झाला. सिस्टरांची गाडी गळत नाही.

नवशिक्याचं नशीब. मीही पहिलं सील बसवलं तेव्हा गळलं नव्हतं. पण शेजारच्या टायरवाल्याला कुठून तरी कळलंच. पंक्चर काढता काढता ओरडतो कसा, "उस्ताद, बोर्ड बदलायला टाकला का?" मी हसून सोडून दिलं, असं त्याला वाटलं असेल.

२६ जानेवारी

सिस्टरांनी दवाखान्यातल्या दोन गाड्या पाठवल्या. दोन्ही गाडीवाल्यांनी दारातून आत डोकावून विचारलं, "वहिनी आहेत का?"

वहिनी आहेत. मीही आहे. चांगला पाच फूट आठ इंच, बाकड्यासमोर उभा. मी काय हवेचा पंप वाटलो?

घरी गेल्यावर हिला म्हटलं, फार मागणी आहे तुला. तर म्हणाली, "अहो, तुमचंच दुकान आहे ना? गाडी आली हे बरंच की." एवढं समजूतदारपणे बोलली की आणखीच राग आला. भांडली असती तर बरं झालं असतं.

२९ जानेवारी

आता घरातही हिचं राज्य सुरू झालंय. माझ्या शर्टांची बटणं काढून टाकली आणि त्याजागी टिचकीची बटणं लावली, टक्कन दाबायची. मला विचारलं नाही. म्हटलं, मी शाळेत जातो का? म्हणे, धुवायला सोपं पडतं. काचेचे कप काढून कानाचे जाड मग आणले. आणि दिवसातून चारदा विचारते, पाणी का एवढं पिताय? तहान लागते म्हणून पितो. आता पाण्यालाही हिची परवानगी घ्यायची.

आज दुकानात गाडी आडवी घेताना तापलेल्या सायलेन्सरला हात टेकला. मला कळायच्या आधी हिलाच कळलं, करपल्याचा वास आला म्हणे. किंचाळलीच. धावत येऊन हात नळाखाली धरला, मलम लावलं, गिऱ्हाइकासमोर लहान मुलासारखं पट्टीत गुंडाळलं. मला काही एवढं दुखतही नव्हतं. कातडीच टणक आहे माझी, सव्वीस वर्षांची. पण गिऱ्हाईक म्हणालं, "नशीबवान आहात, वहिनी किती करतात." सगळं श्रेय इकडून तिकडून तिलाच.

४ फेब्रुवारी

आज जे केलं ते लिहितो. डायरी खोटं लिहायला नाही.

कुरियरवाल्याची गाडी आली. दिवसभर पाठीवर डोंगराएवढं ओझं, त्यामुळे शॉकअपची दांडी घासून ओरखडे पडलेले. कठीण काम. "वहिनींनाच दाखवा," म्हणाला. माझ्या तोंडावर! जाळ झाला नुसता अंगाचा. म्हटलं दाखव की, आणि सील दाबायचं माझं पितळी हत्यार, जे मी स्वतः लेथवर कातून घेतलंय, ते हळूच ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं. बघू, कशानं बसवते.

हिनं इकडेतिकडे शोधलं. मला विचारलं नाही. पिशवीतून दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ काढलं, सीलवर ठेवलं, वरून तळहातानं एक दाब दिला. बसलं. आणि दांडीचे ओरखडे बोटांनी चाचपून, नखानं मोजून, "हे पॉलिश करून घ्या, नाहीतर नवं सीलसुद्धा कापेल," असं मला, मला सांगितलं. बरोबर होतं, म्हणून जास्त लागलं.

कुरियरवाला ते रीळ हातात घेऊन बघत बसला. संध्याकाळपर्यंत टायरवालाही बघून गेला. आता त्या रिळाची कीर्ती. सव्वीस वर्षांत माझ्या पितळी हत्याराकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

मी वाईट माणूस नाही. तिचं चांगलं व्हावं असं मला वाटतं. फक्त माझ्या दुकानात, माझ्या कामात, माझ्यापेक्षा चांगलं व्हायला नको होतं. शिवणात व्हावं, कितीही.

९ फेब्रुवारी

सापडलं! हिचं बिंग सापडलं.

सीलचा डबा उघडला तर प्रत्येक सीलवर एका बाजूला लाल ठिपका. नेलपॉलिशचा. मुलगी घरी ठेवून गेलेली बाटली असणार. दीडेकशे सीलं, सगळ्यांना एकेक ठिपका, ओठाच्या बाजूला. म्हणजे बाईसाहेबांना बोटानं कळतच नाही! खुणा करून ठेवते आणि लोकांसमोर शिवणाची बोटं म्हणून मिरवते. मनातल्या मनात इतका हसलो. गेल्या महिन्याभरात एवढं बरं वाटलं नव्हतं.

ही जेवणाचा डबा आणायला घरी गेली तेव्हा बसून सगळे ठिपके थिनरनं पुसले. एकूण एक. आता बघू.

आल्यावर हिनं सीलचा डबा उघडला. एकेक सील उचलून बघितलं.

"ठिपके पुसले का हो?"

"माझ्या दुकानात बोटानं काम चालतं," म्हटलं.

वाटलं, आता खजील होईल. पण ही माझ्या हातांकडे बघत होती. मग म्हणाली, "निदान माझ्यासाठी तरी राहू द्यायचे होते." मला तेच तर हवं होतं, कबूल केलं. नंतर दुपारभर तिनं तीन सीलं बसवली, न बघता, गिऱ्हाइकाशी बोलत बोलत. ठिपक्यांवाचून. याचा अर्थ काय लावायचा मला कळत नाही आणि लावायचाही नाही.

१४ फेब्रुवारी

ही दोन दिवस मुलीकडे गेली आहे. दुकान माझं. किती मोकळं वाटतंय! जाताना दहादा बजावलं, "शॉकअपचं काम आलं तर मी येईपर्यंत थांबवा." मालकीणबाई.

दुपारी सिस्टर आल्या, मागचं चाक कुठेतरी घासतंय म्हणून. बघितलं तर मडगार्ड वाकलेलं, ठोकून सरळ केलं. एवढंच काम होतं. पण गाडी दोन तास माझ्याकडे होती आणि सिस्टर दवाखान्यात. मी सीट दाबून सोडली. एकदा वर आली आणि गप्प. पुन्हा दाबली. पुन्हा तेच. महिन्यात इतके दगडधोंडे खाऊनसुद्धा हिचं काम जसंच्या तसं.

खोलला. काही गरज नव्हती. तिचं सील काढलं, चांगलं होतं, ते टाकून दिलं आणि माझ्या हातानं नवं बसवलं, डोळे मिटून, माझ्या पितळी हत्यारानं. तेल, गॅस, सगळं माझं. आता सिस्टरांची गाडी नीट चालेल ती माझ्यामुळे चालेल. कोणाला सांगायचं नाही, पण मला माहीत असेल.

बसवताना सील दोनदा हातातून सुटलं. ग्रीस फार झालं होतं.

१५ फेब्रुवारी

काल संध्याकाळीच सिस्टर गाडी घेऊन गेल्या. मी आधी चक्कर मारून बघितली होती, झकास. ही संध्याकाळी परत आली. "शॉकअपचं काही आलं होतं का?" म्हणून विचारलं. म्हटलं, नाही.

१९ फेब्रुवारी

सिस्टर पडल्या.

टायरवाल्यानं सकाळी सांगितलं. उताराच्या वळणावर गाडी मागून घसरली. मागच्या टायरवर तेल होतं. शॉकअपमधून गळून टायरवर आलेलं. खांद्याचं हाड मोडलं, गाल सोलवटला. लसींची पेटी रस्त्यावर फुटली.

आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. ज्या दवाखान्यात त्या काम करतात तिथंच खाटेवर होत्या. हात गळ्यात बांधलेला. हिनं जवळ बसून दुसरा हात हातात घेतला.

सिस्टर रागानं बोलल्या नाहीत. नुसतं विचारलं, "वहिनी, सील तुम्हीच बसवलं होतं ना?"

ही म्हणाली, "हो. माझ्याच हातचं होतं."

आणि रडायला लागली. सिस्टरच तिला समजवायला लागल्या, असू दे, मुद्दाम थोडंच केलंत.

मी दाराशी उभा होतो. तोंड उघडलं होतं मी. खरंच उघडलं होतं. मग डॉक्टर आत आले आणि आम्हाला बाहेर जायला सांगितलं.

२३ फेब्रुवारी

चार दिवस लिहिलं नाही. सील खराबही असू शकतं. पार्टवाल्याचा मालच तसा आहे. गाडी बघितल्याशिवाय काय सांगणार? गाडी अजून त्या वळणाजवळच्या एका गोठ्यात पडून आहे.

दरम्यान दुकानात गर्दी आहे. कुरियरवाला आला, आवाज खाली करून म्हणाला, "उस्ताद, तुम्हीच बसवा बरं का. वहिनींच्या हातचं आता नको." दवाखान्यातल्या दोन्ही गाड्या आल्या. त्यांचंही तेच. ही कोपऱ्यात बसून ऐकत होती. टायरवाला म्हणाला, "शेवटी जुनं ते जुनंच, उस्ताद." बोर्डाचं नाव नाही काढलं.

डायरीत खोटं नको. मला छान वाटलं. दीड महिन्यानं सगळे माझ्याकडे बघून बोलत होते. संध्याकाळी घरी जाताना शीळ वाजवत होतो, ते हिनं मागे वळून बघितल्यावर लक्षात आलं.

२६ फेब्रुवारी

ही जेवत नाही. ताटावर बसते, दोन घास चिवडते, उठते. ते लाकडी रीळ शिवणाच्या डब्यात परत ठेवून दिलं. पण शिवायलाही बसत नाही. शेजारीण ब्लाऊज घेऊन आली तर म्हणाली, दुसरीकडे द्या, माझ्या हाताचा भरवसा नाही.

आज मला म्हणाली, "अहो, शॉकअपचं काम बंद करू या. साधं ऑइल बदलायचं, चेन आवळायची, एवढंच ठेवू."

"का? तुला जमलं नाही म्हणून मी बंद करू?"

हे असं बोललो मी. तिनं माझा मग पुढे सरकवला आणि म्हणाली, फार गरम आहे, कानाला धरून उचला.

२८ फेब्रुवारी

टेम्पोतून सिस्टरांची गाडी आली. ही घरी होती. मी शटर अर्धं ओढलं आणि शॉकअप खोलला.

सील उलटं होतं. ओठ बाहेरच्या बाजूला. माझं सील. फाटलेलं नाही, खराब नाही. नुसतं उलटं.

पहिल्यांदा म्हटलं, शक्यच नाही. सव्वीस वर्षांत एकदाही नाही. मग डब्यातून दहा सीलं काढली, बाकड्यावर मांडली, डोळे मिटले आणि एकेक उचलून बोट फिरवून म्हटलं, ओठ वर, ओठ खाली. मग डोळे उघडून बघितलं. सहा चुकली. ग्रीस म्हणून हात साबणानं धुतले, कोरडे केले, पुन्हा दहा. सात चुकली. दुसऱ्या हातानं केलं. बोटाला सील असल्याचंच नीट कळत नव्हतं. जाड हातमोजे घातल्यासारखं.

मग एकेक आठवायला लागलं. बटणं. कानाचे मग. सायलेन्सर. तेरा जानेवारीला हिनं सील काढून उलटसुलट करून बघितलं ते. आणि दीडशे ठिपके. ते तिच्यासाठी नव्हते. मी बाकड्यावर डोकं टेकून बसलो. कोणीतरी शटर वाजवलं, मी उघडलं नाही.

१ मार्च

सकाळी चहा झाल्यावर सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, बसलो असतो तर जमलं नसतं. चौदा तारखेला खोलला, तुझं चांगलं सील काढून टाकलं, माझं उलटं बसवलं.

तिनं विसळायला घेतलेला मग खाली ठेवला.

"का खोललात?"

"तुझं होतं म्हणून."

मला वाटलं होतं, हातांबद्दल बोलेल. जीव कळवळेल, जवळ येईल. मी थोडा त्या हिशेबानंच उभा होतो. ती म्हणाली, "दहा दिवस. दहा दिवस मी त्या बाईचं हाड मोडलंय असं समजून जगतेय. तुम्ही समोर बसून जेवत होतात. शीळ घालत होतात."

मी म्हटलं, मला खात्री नव्हती.

"खोललात हे तर माहीत होतं ना?"

मी विषय बदलला. विचारलं, माझ्या बोटांचं तुला माहीत होतं तर सांगितलं का नाहीस? म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी दहा शॉकअप खोलून दाखवले असते." मग चप्पल घातली आणि म्हणाली, चला. मी म्हटलं, कुठे? ती जिना उतरूनही गेली होती.

त्याच दिवशी, दुपारी

सिस्टर आता घरी आहेत. दार त्यांच्या आईनं उघडलं. ही आत जाऊन खुर्चीवर बसली आणि माझ्याकडे बघून गप्प राहिली. मदत करणार नव्हती.

मी सांगितलं. सगळं. गरज नसताना खोलला हेही, का खोलला हेही, आणि बोटांना कळत नाही हेही. "हिचं काम चांगलं झालं होतं, ते मला बघवलं नाही," असं म्हटलं. म्हाताऱ्या आईसमोर. दवाखान्यातल्या खाटेजवळ हे चार शब्द निघाले नव्हते, आज निघाले, पण जीव गेला निघता निघता.

सिस्टर चिडल्या. बरंच झालं. "दादा, पेटीत छप्पन्न पोरांच्या लसी होत्या," म्हणाल्या. "आणि वहिनींना मी काय काय बोलले असते, त्या दिवशी अंगात त्राण असतं तर!" मी मान खाली घालून ऐकलं. मग त्यांनी बऱ्या हातानं साडीची पिन काढली आणि म्हणाल्या, हात पुढे करा, तोंड भिंतीकडे. "टोचलं की सांगा."

मी वाट बघत राहिलो. म्हटलं, टोचा ना.

"सहा वेळा टोचलंय," म्हणाल्या.

भिंतीकडे तोंड होतं म्हणून बरं. उद्या उपाशीपोटी रक्त तपासायला बोलावलंय. तहान, लघवी, वजन, सगळं विचारलं आणि हिनंच भराभर उत्तरं दिली. साखरच असणार म्हणाल्या.

३ मार्च

साखर निघाली. भरपूर. गोळ्या सुरू. डॉक्टर म्हणाले, बोटांची जाणीव कदाचित थोडी परत येईल, कदाचित नाही. सील बसवायचं काम थांबवा.

दुकानात येऊन टायरवाल्याला सगळं सांगितलं. टायरवाल्याला सांगितलं म्हणजे सगळ्यांना सांगितलं. त्याच्याकरवी निरोपही धाडला, माझ्या हातचं सील असलेली गाडी चालवू नका. तो एकदाही विनोद करेना, तेच फार अवघड गेलं.

हिला म्हटलं, बस बाकड्यावर. ती म्हणाली, "माझ्या हाताला आता भीती बसलीये." सील उचललं, दोन बोटांत फिरवलं. पुन्हा ठेवून दिलं. हे मी केलं. माझी बोटं साखरेनं गेली, तिची मी घालवली.

११ मार्च

आठवडाभर दुकानात नुसत्या चेनी आवळल्या. काम आलं तर परत पाठवलं. तिला बस म्हणायची माझी छाती नाही आणि ती आपणहून बसत नाही. बोलते, पण कामापुरतं.

आज कुरियरवाला आला. शॉकअप बसलाय, गेल्या महिन्यातलं माझ्याच हातचं सील. मी म्हटलं, आम्ही सध्या करत नाही. तो मला काही न बोलता सरळ हिच्यापुढे गेला. "वहिनी, तुमच्याबद्दल मी वाईट बोललो होतो. तुम्ही कोपऱ्यात बसून ऐकलंत. चूक झाली. करा ना." गाडी स्टँडवर लावली आणि निघूनच गेला.

मला सुचलं नव्हतं ते त्या पोती वाहणाऱ्या माणसाला सुचलं. यावरही मी जळलो, काय सांगू.

ती उठली. मी ड्रॉवर उघडून पितळी हत्यार तिच्यासमोर ठेवलं. तिनं हातात घेऊन वजन केलं, "जड आहे," म्हणाली, पण वापरलं. सील उचललं, ठेवलं, उचललं, ठेवलं. चौथ्यांदा बसवलं. नळी मी धरली होती. "घट्ट धरा," म्हणाली. घट्ट धरल्याचं मला कळत नव्हतं, म्हणून मी बघत बघत धरली.

८ एप्रिल

सिस्टरांचा खांदा सांधला. गाडी तयार होतीच. चाकं, हँडल, आरसे मी केले, शॉकअप तिनं. गाडी द्यायची म्हणून तिला सकाळपासून सुचत नव्हतं. तीनदा सीट दाबून बघितली. सिस्टर बसल्या, दाबून बघितलं, आमच्या दोघांकडे बघितलं आणि सरळ दगडगोट्यांच्या रस्त्यानं गेल्या. ही त्या दिसेनाशा होईपर्यंत दारात उभी होती. नंतर दिवसभर फोन वाजला की दचकत होती.

१२ एप्रिल

सिस्टरांची गाडी दवाखान्याबाहेर लावलेली दिसली. मी साखर तपासायला गेलो होतो. पाचवा दिवस. उलटं सील पाचव्या दिवशी धडा शिकवतं.

रस्त्यावरच गुडघे टेकून गाडीखाली वाकलो. दांडीवर, नळीवर, चाकावर डोळ्यांनी बघितलं आणि पांढरा रुमाल फिरवून बघितला. बघताना मनात काय होतं ते लिहितो. एक थेंब असता तर मला बरं वाटलं असतं. एवढं सगळं होऊनसुद्धा. एकच थेंब.

नव्हता. रुमाल पांढरा स्वच्छ. लोक बघत होते, मी गुडघे झटकत उठलो आणि रक्त न तपासताच दुकानात आलो.

ही बाकड्यावर होती, कुणाचा तरी शॉकअप खोलून बसली होती.

"सिस्टरांचा बघून आलो," म्हटलं. "कोरडा आहे."

तिनं मान वर केली नाही.

"माहीत आहे," म्हणाली.